अक्का अडकते तेव्हा

३ मार्च, रविवार

शाळेच्या मागच्या जिन्यात अक्का माझ्या वेण्या घालायची. घरून घालून आलेल्या असायच्याच, पण प्रार्थनेची घंटा होईपर्यंत एक तरी सुटलेली असे. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. दातांत रिबीन धरून बोलायची, त्यामुळे निम्मं कळायचं नाही आणि जे कळायचं ते ओरडणं असायचं. "मान सरळ ठेव! डोकं आहे का भोवरा?"

आज का आठवलं? कारण आजही निम्मंच कळलं.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघी लॅपटॉपवर भेटतो. ती तिच्या गावी, मी इथे. आज ती पुन्हा अडकली. तिच्या मुलाचं काहीतरी सांगत होती — "तो म्हणतो की मी आता—" आणि चित्र थांबलं. तोंड किंचित उघडं, डोळे माझ्यावर. मी आपली "हॅलो, हॅलो" करत बसले. मग हलली ती एकदम दुसऱ्याच विषयावर! वर मलाच म्हणाली, "जाऊ दे गं धाकटे, तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय."

झालाय खरा. काहीही उघडायला जा, ते गोल चाक गरगरत बसतं.

यांचं मत — "फोन कर. माणसं वर्षानुवर्षं फोनवर बोलली, कुणी मेलं नाही त्याने."

पण मला चेहरा बघायचा असतो. या वयात दोघींपैकी आधी कोण जाईल, सांगता येत नाही. आठवणींवर भागवायचं ते पुढे आहेच.

५ मार्च, मंगळवार

दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगितलं, "आजी, नवीनच घ्या."

मी म्हटलं, माझेही गुडघे दुखतात, म्हणून माझ्या जागी कुणी नवी आणत नाही.

हसला. मग कामाचं बोलला. मेमरी कमी आहे. आत एक पट्टी आहे, शेजारची खाच रिकामी आहे. तिथे आठ जीबीची पट्टी बसवायची. म्हणे, बसवून देतो, चार दिवस ठेवून जा. चार दिवस! म्हणजे रविवार गेला. पट्टी तेवढी द्या म्हटलं, बसवेन मी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरी स्वतःचं अपेंडिक्स काढणार आहे.

६ मार्च, बुधवार

अक्काला फोनवर सांगितलं. वाटलं, खूश होईल. तर, "कशाला खर्च? आहे ते बरं चाललंय."

अक्का आणि 'आहे ते बरं'! जिने नव्या घराच्या खिडक्या दोनदा उखडून परत बसवून घेतल्या! मग, "नंतर बोलू," म्हणून ठेवून दिला. फोनवर हल्ली तिला नेहमीच घाई असते.

८ मार्च, शुक्रवार

आज ऑपरेशन. जेवणाचं टेबल पुसलं, वर पांढरा टॉवेल. स्क्रू काढले ते चहाच्या बशीत. हे त्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीत आडवे होऊन पेपर वाचत होते. (दवाखाना बंद केला तेव्हा सगळं विकलं, ही खुर्ची मात्र व्हरांड्यात आली. पायाने दाबली की पाठ खाली जाते. दातांच्या डॉक्टरला एवढी ऐषही नको का!) तिथूनच सल्ला — "एक्स-रे काढल्याशिवाय उपटू नये."

"उपटत नाहीये. बसवतेय."

"ते जास्त अवघड असतं."

पट्टीला एका कडेला छोटी फट असते. ती खाचेशी जुळवायची, पट्टी तिरकी सरकवायची, मग खाली दाबायची. मी अगदी अलगद दाबली. गेली बिचारी. झाकण लावलं, स्क्रू लावले, एकही उरला नाही! लॅपटॉप सुरू झाला.

इतका फरक! उघडतोय काय पटापट! यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "मला तसाच वाटतोय." यांना माझा नवा चष्माही तसाच वाटला होता.

१० मार्च, रविवार

अक्का स्पष्ट दिसली. पूर्वीपेक्षा कितीतरी! दोनदाच अडकली. तीही बहुतेक तिच्याकडच्या नेटमुळे. तिला म्हटलं, बघ, मी एकटीने केलं. ती म्हणाली, "शाळेतल्या मदरना सांगायला हवं." खूप हसले. ती जरा कमी हसली.

११ मार्च, सोमवार

फजिती. सगळी फजिती!

मेमरी किती आहे ते कुठे बघायचं, हे आज सापडलं. मोठ्या अभिमानाने बघितलं. जेवढी होती तेवढीच! नवी पट्टी यंत्राच्या गावीच नाही. तीन दिवस मी कशाची स्तुती करत होते?

झाकण पुन्हा काढलं. पट्टी तिरकीच उभी होती, दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखी. यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "दाबली नाहीस तू. हिला नुसतं 'या, बसा' म्हटलंस."

काय करणार? आमच्या शाळेत दार लावताना आवाज झाला, तर परत जाऊन तेच दार पुन्हा लावावं लागायचं. ड्रॉवर ढकलायचा नाही, खुर्ची ओढायची नाही. पन्नास वर्षांनी माझ्या हातून काही आपटत नाही. अक्काच्याही नाही. हे म्हणतात, घरात बायको आहे की मांजर, कळत नाही.

"जोर लाव," म्हणाले. "खट् व्हायला हवं."

"मोडली तर?"

"अगं, माणसाच्या जबड्यात बसवायचो मी. तो तर ओरडायचाही."

१२ मार्च, मंगळवार

खट्! दोन्ही बाजूंनी! यंत्राने मान्य केलं.

१७ मार्च, रविवार

आजचं नीट लिहून ठेवते.

लॅपटॉप झटकन उघडला. अक्का इतकी स्वच्छ, की गळ्यापाशी नीट न लागलेलं बटणसुद्धा दिसलं. बोलत होती — "परवा मी त्या, त्या—" आणि अडकली. तोंड किंचित उघडं, डोळे माझ्यावर. मी कपाळाला हात लावला. एवढं करून पुन्हा तेच!

मग दिसलं. तिच्या मागचा पडदा हलत होता. वाऱ्याने फुगत होता, खाली बसत होता. पडदा चालू होता आणि अक्का बंद.

मी पडदाच बघत राहिले. ती हलली. "दिसतेय का गं मी? तुझं यंत्र पुन्हा—"

हे माझ्या मागून पाणी प्यायला चालले होते. थांबले. वाकून स्क्रीनजवळ आले.

"अक्का, जरा हसून दाखवा."

"डॉक्टर, या वयात?"

"दाखवा हो दात. फी नाही घेत."

हसली. चेहऱ्याची एक बाजू हसली. दुसरी नुसती बघत राहिली.

यांनी चेष्टा केली नाही. हळू विचारलं, "कधी झालं हे?"

अक्काने आमच्या दोघांकडे पाहिलं. कॉल बंद झाला. यंत्राने नाही केला.

१८ मार्च, सोमवार

भाच्याला फोन केला. आधी "काही नाही मावशी, बरी आहे" — मग रडला. थंडीत झालं. मेंदूतली रक्ताची गाठ, छोटीच. सकाळी कप हातातून गळला. डॉक्टर, गोळ्या, व्यायाम, सगळं चालू आहे. हात सुधारला. शब्द मात्र मधूनच सापडत नाहीत.

"तिने शपथ घातली, मावशीला कळता कामा नये. शब्द सापडेपर्यंत ती हलत नाही, मावशी. पापणीसुद्धा नाही. म्हणते, धाकटीला वाटेल लॅपटॉप अडकला."

म्हणजे सगळा हिवाळा ती माझ्यासमोर पुतळा होऊन बसली आणि मी यंत्राला शिव्या देत होते. तिला तेवढा एक आडोसा होता. तोही मी हौसेने, स्क्रू काढून, यांच्या देखरेखीखाली काढून घेतला. शाबास!

भाचा दिवसभर कामावर. ती दिवसभर एकटी, शब्द शोधत.

१९ मार्च, मंगळवार

संध्याकाळी तिचाच फोन.

"रागावलीस?"

"हो."

"मी पण. एवढं कशाला तुला... कशाला..."

मी थांबले. हॅलो हॅलो केलं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबले.

"...निरखायचं असतं?" म्हणाली.

"अक्का, मी येते."

"किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे एक कपाट रिकामं कर."

बराच वेळ काही नाही. शब्द सापडत नव्हता की रडत होती, कळलं नाही. विचारलंही नाही.

यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिथे पेपर किती वाजता येतो?"

२३ मार्च, शनिवार

निघायच्या आधी, गोंधळ नको म्हणून.

घर — भाड्याने द्यायचं. चावी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. झाडंही त्यांनाच; शेवंतीला कमी पाणी.

माझी पुस्तकं — शाळेच्या वाचनालयाला. न घेतली तर धाकट्या नणंदेला. ती वाचत नाही, पण मांडते छान.

दवाखान्याची खुर्ची — कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारायचं. हे नाही म्हणतील. तरी विचारायचं.

लॅपटॉप — समोरच्या शिवणाऱ्या बाईंना, त्यांचा मुलगा बोटीवर असतो. आता अगदी छान चालतो. मला लागायचा नाही.