दोन हातांवर दोन कंपन्या

माय, आज माझ्या दहाही नखांवर रंग आहे. तू हसली असतीस. रंग बाटलीतला नाही. पातळ पट्ट्या असतात, कागदावरून सोडवायच्या आणि नखावर चिकटवायच्या. उजव्या हातावर कोरियाची कंपनी आहे, डाव्या हातावर दिल्लीची. कोरियाची पट्टी मऊ येते. लावल्यावर एका छोट्या निळ्या दिव्याखाली बोट धरलं की कडक होते. दिल्लीची दाबून बसवली की झालं. तुझी नात पुण्यात नोकरीला आहे, फोनवरून सामान विकणाऱ्या एका दुकानात. दोन्हींतली कोणती विकायला ठेवायची हे तिने सांगायचं आहे. तिथल्या मैत्रिणींच्या बोटांवर दोन्ही टिकल्या, म्हणून ती इथे आली. म्हणाली, "मम्मी, तुझ्यासारखा हात पाहिजे. भांडे घासणारा." निकाल लागला की ती परत जाईल. तिचे वडील गेल्यापासून या घरात मी एकटीच असते.

पट्ट्या लावल्या त्या सकाळी ती माझ्यासमोर ओसरीत बसली. माझं एकेक बोट तिने हातात घेतलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, नखाच्या रुंदीची पट्टी शोधली, मुळाशी टेकवली आणि टोकाकडे हळूहळू दाबत नेली. उरलेला भाग कानशीने घासून काढला. माझ्या अंगठ्याला एकाही पाकिटातली पट्टी पुरेना, शेवटी दोन शेजारी-शेजारी लावल्या. "हा अंगठा कोणाचा आणला?" तिने विचारलं. तुझा, म्हटलं. तिने तुला पाहिलेलं नाही. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवरून त्याचा आवाज जवळ येई, लांब जाई, पुन्हा जवळ येई. मला वाटलं, ते असंच फिरत राहावं. इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता.

मला अजून दिसतं, तू मांडीवर सूप घेऊन बसली आहेस. सुपात तंबाखू आहे, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा आणि शेवटी बिडीचं तोंड नखाने आत दुमडायचं. त्या दुमडण्यात तुझं स्वतःचं नख कधीच झिजून गेलं होतं, म्हणून तू बोटावर पत्र्याचं नख चढवायचीस. पत्र्यांबद्दल तुझी मतं पक्की होती. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकतो. पावडरच्या डब्याचा बोट कापतो. दुधाच्या भुकटीच्या डब्याचा सगळ्यांत चांगला, पण तो डबा आपल्या घरी कुठून येणार. दवनीवाड्याच्या मास्तरीणबाईंकडून तू एक मागून आणलास आणि मग कितीतरी वर्षं त्यातूनच नखं कापत राहिलीस. नात कागदावर लिहून घेते ते तू बोटावर ठरवलंस, एवढाच फरक.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मी तुझ्यासाठी नेलपॉलिशची बाटली घेतली. लाल. तू ती उजेडात धरून पाहिलीस. "कायले आणलं वं पोरी? माह्या हाताले नख तरी हाय का?" मग झाकण उघडलंस आणि पत्र्याच्या नखाला रंग लावलास. दुसऱ्या दिवशी उन्हात तू बिड्या वळत होतीस आणि मी शाळेचा अभ्यास सोडून नुसती बघत होते. सुपावर लाल चोच वाकते, टोचते, उठते. पाखराचं अंग दिसत नाही, चोचच दिसते. तो रंग टिकला नाही. कारखान्यात माल तपासणाऱ्याला बिड्यांच्या तोंडाशी लाल टवके सापडले. त्याने तुझा बिड्यांचा कट्टा बाजूला टाकला आणि सगळ्या बायांसमोर विचारलं, "बिडीले कुंकू लावून राहिली का बाई?" घरी येऊन हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. हसणं संपल्यावर ब्लेड घेऊन तू तो रंग खरवडून काढलास.

काम चालू असताना तू मला जवळ येऊ देत नसस. "दूर बस, नख लागन." संध्याकाळी ते काढून कोनाड्यात ठेवायचीस. त्याखालचं बोट पांढरं, थोडं सुरकुतलेलं असायचं, उन्ह न पाहिलेलं. त्या बोटाने तू माझा भांग पाडायचीस. त्याला तेंदूच्या ओल्या पानांचा वास येतो. मी डोळे मिटते. दिवसभर मी त्या बोटाची वाट पाहत असे, हे तुला माहीत असेल असं मी धरून चालले होते. आता वाटतं, नसेलही. आपल्याकडे असं कुणी बोलत नाही. माझी मुलगीही दिवसभर फोनवर असते, आणि तिला काही कळत असेल असं मी धरून चालते.

आज सकाळी तिने माझे दोन्ही हात उन्हात धरले आणि एकेक कड नखाने चाचपून पाहिली. एवढे तांदूळ धुऊन, एवढ्या कढया घासून दोन्ही कंपन्या जागच्या जागी. तिला पटेना. "दिल्लीवाली इतकी चालत नाही मम्मी," ती म्हणाली, "काहीतरी गडबड आहे." मी म्हटलं, डाव्या हाताला काम कमी पडत असेल, हात बदलून बघ. तिला ते बरोबर वाटलं. तिने पुण्याला कळवलं की अजून आठवडाभर लागेल. आता ती स्वयंपाकघरात पाणी कोमट करते आहे. त्यात तेल घालून माझी बोटं बुडवायची, पट्ट्या सोडवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावायच्या.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पाठवण्याचा प्रश्नच नाही. ती जायला निघेल त्या दिवशी तिला खरं काय ते सांगेन. तोवर फक्त तुला सांगते. दिल्लीची करंगळी तिसऱ्या दिवशीच सुटली होती, मागोमाग बाकीची बोटं. ती आंघोळीला गेली की मी डिंक लावून दाबत बसत होते.