वेगळी चूल

मलकापूर
१२ जून २००४

चि. अर्जुनभाऊजी यांस,
वहिनीचा आशीर्वाद.

वर ‘श्री’ लिहिलेलं नाही. सुतक फिटलं, पण हात तिकडे जात नाही. राग मानू नये.

आईंची प्रकृती ठीक आहे. गुडघ्यांना तेल लावून देते. दुपारी दारात बसतात, पोस्टमन पुढे गेला की आत येतात. तुमच्या छोटीचा फोटो त्यांनी देवाजवळ ठेवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. सौ. सुलभाची तब्येत आता कशी आहे ते कळवा. इकडे ऊन अजून उतरलं नाही. शाळा उघडायच्या आहेत, म्हणून प्रवेशाची गडबड आहे.

तुम्ही म्हणाल, वहिनीने ईमेल का नाही केला. इथलं टपाल ज्या सर्व्हरवरून जातं तो यांनी बसवलेला. त्यावरून हे पाठवणं मला जमलं नाही.

संस्थेने यांचं काम तात्पुरतं माझ्याकडे दिलं आहे. मी वर्गात मुलांना कॉम्प्युटर शिकवते म्हणजे मला सगळं येतं, असं सचिवांना वाटतं. मला सगळं येत नाही. पण यांचा तो प्रोग्रॅम मला समजतो, कारण तो लिहिताना हे मोठ्याने बोलत आणि ऐकायला मीच असे.

तुम्हाला तो माहीत आहे. तरी यांनी मला जसा सांगितला तसा लिहिते, कारण पुढचं बोलणं त्यावर आहे. मलकापूर, लोणार, सोनाळा, सगळ्या शाळांच्या सर्व्हरच्या फाइली पूर्वी हे हाताने लिहीत. कोणत्या मशीनला कोणता पत्ता, कोणाचं नाव काय, टपाल कोणत्या वाटेने जाणार. एका ठिकाणी बदल केला की सगळ्या फाइलींत तोच बदल करायचा, आणि कुठेतरी एखादा राहून जायचा. म्हणून यांनी पायथनमध्ये एक क्लास, म्हणजे एक साचा, लिहिला आणि त्याला ‘थोरला’ नाव दिलं. घरची रीत थोरल्यात. प्रत्येक शाळा त्याच्या पोटी. प्रोग्रॅम चालवला की तो शाळेशाळेच्या फाइली आपणच लिहून काढतो. ज्या शाळेचं काही निराळं असेल तिने तेवढंच आपल्या क्लासमध्ये लिहायचं, बाकी सगळं थोरल्याकडून येतं. त्या निराळ्या भागाला हे ‘वेगळी चूल’ म्हणत. रोमन अक्षरांत तसंच नावही टाकत.

वेगळी चूल एकट्या सोनाळ्याची होती. तिथल्या मुलींच्या शाळेच्या टाकीवर शाळेला इथल्या सर्व्हरशी बिनतारी जोडणारा तो जुना रेडिओ आहे. त्याचा पत्ता आतून बदलताच येत नाही. हे म्हणायचे, “म्हातारं झालं हे. नव्या नावानं हाक मारली तं ओ देत नाही. याची चूल वेगळीच राहू द्या, पीठ तं एकाच गिरणीचं आहे.”

मार्चमध्ये यांनी तुम्हाला तो प्रोग्रॅम पाठवला तेव्हा घरात काय आनंद झाला होता ते तुम्हाला माहीत नाही. जिन्याखालच्या खोलीत तुम्ही शेगडी वेगळी मांडलीत, पुढे बंगलोरला गेलात, त्यानंतर दोघं भाऊ नीट बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. टपालाचा भाग दुरुस्त करणं यांना स्वतःलाही जमलं असतं. तुम्हाला विचारायला काहीतरी हवं होतं.

मे महिन्यात तुमची दुरुस्त केलेली फाइल आली. यांनी ती त्याच दिवशी चालवली. मी चहा घेऊन गेले होते. म्हटलं, एकदा डोळ्यांखालून घाला. हे हसले.

“अर्जुननं पाह्यली ना? मंग माह्या चष्म्यानं काय वेगळं दिसन?”

आई बाहेरून म्हणाल्या, “भाऊ भावासंगं बोलून राह्यला, तू काऊन मधात येते वं?”

मी कप ठेवून निघून आले.

दुसऱ्या दिवशी सोनाळ्याची मुलींची शाळा उत्तर देईना. आदल्या संध्याकाळी त्या भागात धुळीचं वादळ होऊन गेलं होतं, झाडं पडली होती. अँटेना फिरली असेल, असं हे म्हणाले आणि सकाळच्या गाडीने गेले. डबा नेला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे जेवढं सांगितलं गेलं तेवढं माहीत आहे.

आता सोनाळ्याच्या शाळेतल्या अन्वरबद्दल, टाकीखाली यांचा दोर धरून होता तो. तेराव्याला तुम्ही सचिवांसमोर म्हणालात, “दोर धरायला ठेवलेला माणूस दोर सोडतो कसा?” चारचौघांत म्हणालात. तुमचं दुःख होतं. पण संस्थेने तो शब्द धरला. अन्वरला कामावरून थांबवलं आहे. महिनाअखेरच्या सभेत त्याच्यावर पोलिसात तक्रार देण्याचा विषय आहे. सोनाळ्यात त्याच्याकडे आता कोणी मोटार दुरुस्तीलाही देत नाही. टाकीवरून माणूस पाडला म्हणतात.

मागच्या आठवड्यात तो आणि त्याची बायको नूरजहां इथे आले होते. अंगणात उभेच राहिले. आई म्हणाल्या, “बस बे, उभा काऊन राह्यला? तुह्या हातचं पाणी शेवटचं पेला माहा लेक.”

तो बसला नाही. माझ्याकडे पाहून बोलला. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

“भाभी, दोर मी सोडला नाही. भाऊ वर गेले, त्यायनं अँटेना पाह्यली अन् मले हाक देल्ली, ‘अन्वर, हे तं सरळच आहे बे!’ मी म्हटलं, मंग उतरा. तं म्हणे, थांब, मांगून पाह्यतो. दोर मांगं पुरत नव्हता. कमरेची गाठ त्यायनंच सोडली.”

नूरजहां तोंडाला पदर लावून उभी होती. आईंनी त्यांना भाकरी खाऊन जायला सांगितलं. ते जेवले नाहीत.

त्याचं खरं की खोटं, असा प्रश्न मला पडला नाही, भाऊजी. ‘हे तं सरळच आहे बे’ हे दुसरं कोणी रचून सांगू शकत नाही. हा यांचाच आवाज आहे. मग अँटेना सरळ होती तर शाळा उत्तर का देत नव्हती, हे मी पाहायला गेले.

सोनाळ्याच्या फाइलीत थोरल्याचा पत्ता आला होता. रेडिओ त्या पत्त्याला ओ देत नाही. वारा, वादळ यांचा काही संबंध नव्हता. प्रोग्रॅम उघडला तर सोनाळ्याच्या क्लासमध्ये वेगळी चूल नाही. त्या जागी तुमची ओळ आहे. प्रोग्रॅम अशी ओळ वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते.

‘वेगळी चूल काढली. आता सगळे एकत्र. टोमणा पोचला, दादा.’

मी ती पुष्कळदा वाचली. आधी मला समजलंच नाही, की पत्त्याच्या चार ओळींत कोणाला टोमणा कसा दिसेल. मग जिन्याखालची शेगडी आठवली आणि समजलं. या घरातल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला तो दिसला नसता. परका असता तर त्याने ते नाव बघून पुढचं वाचलं असतं.

यांनी ती ओळ वाचली नाही. ते वर चढले तेव्हा त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. अँटेना सरळ पाहून काही समजलं असेल का, ते मला सांगता येत नाही. मी तो विचार करत नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवते.

तुम्हाला हे माहीत होतं का, हे मी विचारत नाही. तेराव्यापर्यंत तुम्ही इथे राहिलात आणि एकदाही कॉम्प्युटरच्या खोलीत आला नाहीत, एवढं मात्र माझ्या लक्षात आहे. त्याचं कारण रडूही असेल.

मला तुमच्याकडून एकच हवं आहे. सचिवांना तुमच्या हाताने लिहा, की शाळा बंद पडली ती फाइलीमुळे, फाइल तुम्ही बदलली होती, आणि अन्वरबद्दल तेराव्याला बोललात ते माहिती नसताना बोललात. चूक मुद्दाम केली असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही. पण ज्याने गाठ सोडली नाही त्याच्या गळ्यात ती पडू नये. सभेपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर मी उभी राहून सांगेन. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. तरी सांगेन.

आईंना मी काही सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, अर्जुन आता थोरला झाला, तोच पाहील सगळं. त्यांना सांगायचं असेल तर तुम्ही इथे येऊन, जवळ बसून सांगा. फोनवर नको.

तुमचं मन हलकं होईल असं काही लिहावं म्हणून दोन दिवस हे पत्र अडवून ठेवलं. तसं काही सुचलं नाही. जे खरं आहे तेवढं लिहिते. वेगळी चूल हे नाव यांनी त्या म्हाताऱ्या रेडिओसाठी ठेवलं होतं. तुमची शेगडी मांडली गेली त्या रात्री हे एवढंच म्हणाले होते, “मांडू दे. वास तं इकडंच येईन.” आणि खरंच, सुलभाने फोडणी दिली की हे पुस्तक बाजूला ठेवून बसत.

काल मी ती वेगळी चूल जिथे होती तिथे पुन्हा लिहिली आणि प्रोग्रॅम चालवला. मुलींची शाळा लगेच बोलू लागली. टाकीवर कोणाला चढावं लागलं नाही.

तुमची ओळ मी पुसलेली नाही. तिच्या खाली एक ओळ लिहिली आहे, म्हणजे पुढे हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला दोन्ही दिसतील.

‘टोमणा नव्हता.’

आधी संस्थेला लिहा. मग मला.

तुमची वहिनी,
कोकिळा