साहेबांचा मृत्युलेख

४ फेब्रुवारी
साहेब हॉस्पिटलात! तेही अतिदक्षता विभागात.
सकाळच्या मीटिंगमध्ये वृत्तसंपादक म्हणाले, "रेकॉर्ड कंपनीवाले साहेब आता फार दिवस काढत नाहीत. मृत्युलेख तयार ठेवायला हवा. कोण घेतंय?"
मी हात वर केला. मीटिंगमध्ये मी आपणहून काही मागून घेतलंय, असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.
मोठ्या माणसांवरचे लेख आम्ही ती जिवंत असतानाच लिहून ठेवतो. ऑफिसात त्याला 'फ्रीजमध्ये टाकणं' म्हणतात. मी मंत्री टाकलेत, नट टाकलेत, एक कुस्तीगीर टाकलाय – तो अजून रोज जोर काढतो. पण इतक्या हौसेने कुणाला टाकलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं. रागावलेल्या माणसाचं वाटत होतं. मला थंड हवंय.
पुन्हा लिहिलं: 'एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा आवाज दुसऱ्याच मुलीच्या नावावर विकून ज्यांनी आपली कंपनी उभी केली, त्यांचे निधन झाले.' एकही भडक शब्द नाही. हे राहील.
सगळं जग त्याला साहेब म्हणतं. मीही म्हणते – चारचौघांत.

६ फेब्रुवारी
लेखात चूक नको, म्हणून इथे सगळं नीट मांडून बघते.
ताई एकोणीसची, मी अकराची. ती सोल गायची – अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं, पोटातून आवाज काढून म्हणायचं गाणं. हा शब्दसुद्धा तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हता. शेजारीण म्हणायची, "तुमची थोरली ओरडते मात्र छान हं!" साहेबाने तिला बोलावलं, आठ गाणी करून घेतली. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा कव्हरवर भलतीच मुलगी. फोटो तिचा, नावही तिचंच.
ताई जाब विचारायला गेली. तर हा म्हणतो, "तिच्याकडे चेहरा आहे, तुझ्याकडे गळा आहे. दोघींची मिळून एक गायिका झाली. वाईट वाटून घ्यायचं काय त्यात?"
पुढे तो 'चेहरा' गाणं शिकला आणि मोठाही झाला. ताई शाळेच्या ऑफिसात चिकटली, तिथूनच निवृत्त झाली. भांडी घासतानासुद्धा गुणगुणत नाही.
मी मात्र तेव्हापासून दात धरून आहे.

९ फेब्रुवारी
वृत्तसंपादकांनी मसुदा वाचला. चष्मा काढला.
"मेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं?"
"मेलाय कुठे अजून?"
"पुरावा काय?"
"मी तिची सख्खी बहीण आहे."
"म्हणजे पुरावा नाही."
बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण चडफडले.

१२ फेब्रुवारी
मिळाला!
साहेबाकडचा तेव्हाचा रेकॉर्डिस्ट केव्हाच वारला. त्याच्या बायकोला शोधून काढलं. दोन खोल्या, त्यातली एक नुसत्या टेपांची. "ह्यांनी घरात आधी टेपांना जागा दिली, मग मला. हव्या तेवढ्या न्या बाई, मला पाय पसरायला जागा होईल." ताईची टेप खालच्या थप्पीत होती.
ऑफिसच्या जुन्या मशीनवर लावली. प्रत्येक गाण्याआधी रेकॉर्डिस्ट गाण्याचा नंबर आणि गाणारीचं नाव बोलतो. तशी पद्धतच असते, म्हणजे पुढे घोळ होत नाही. रेकॉर्ड छापताना तेवढा तुकडा कापतात. इथे आठही वेळा ताईचं नाव आहे. स्वच्छ. आणि लगेच तिचा आवाज.
वृत्तसंपादक उभ्यानेच ऐकत राहिले. मग म्हणाले, "पहिलं वाक्य बदलू नका."

१३ फेब्रुवारी
ताईला तिच्या घरी जाऊन ऐकवलं. हात मांडीवर ठेवून बसली होती, हलली नाही.
"तिसऱ्या गाण्यात घाई केलीय मी," म्हणाली. एवढंच! मग हसली. "त्या दिवशी काय झालं होतं माहितीये, त्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने –"
"ते राहू दे गं. तू कुठल्या करारावर सही केली होतीस का?"
"नाही."
"नक्की?"
"नाही म्हटलं ना, वकीलबाई."
गॅसवर काहीतरी होतं, ते बघायला गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. पण सही नाही! लेख आता कुठूनही गळत नाही.

१५ फेब्रुवारी
लेख फ्रीजमध्ये गेला. माझ्या हातून उतरलेला सर्वांत चांगला मजकूर. आता त्याने फक्त मरायचं आहे.

२० फेब्रुवारी
व्हेंटिलेटर काढला. म्हणे डोळे उघडले.

२६ फेब्रुवारी
घरी सोडलं! दारात हात हलवतानाचा फोटो आलाय. फोटोखालची ओळ कुणी लिहायची? मीच. 'प्रकृतीत समाधानकारक सुधारणा.' कुणाचं समाधान, ते लिहिलं नाही.
संध्याकाळी ताईकडे गेले. माझ्याकडे बघून घाबरली. "तोंड का असं उतरलंय तुझं? कुणी गेलं का?"
"नाही ना!"
आधी तिला कळलं नाही. मग कळलं, आणि खोकला लागेपर्यंत हसली. "अगं, पिच्छा सोड त्याचा," म्हणाली. म्हटलं, मेल्यावर सोडीन.

५ मार्च
तो बागेत फिरतो म्हणे.

११ मार्च
पहाटे ताई गेली. झोपेतच.
दुपारी वृत्तसंपादकांचा फोन. "तुम्ही लिहाल, की दुसऱ्या कुणाला सांगू? संध्याकाळपर्यंत हवं." मीच लिहीन म्हटलं.
तिच्या नावाचं फ्रीजमध्ये काहीच नव्हतं. बसले. पुरावा सगळा होता. बाकी काय लिहायचं, सुचेना. रेकॉर्डिंगच्या वेळी गाताना ती कशी दिसायची, हेसुद्धा मला माहीत नाही. त्या खोलीतलं, माझ्या माहितीतलं, आता एकच माणूस उरलंय.
साहेबांचा नंबर लावला. त्यांनीच उचलला. कोण बोलतेय ते सांगितलं, का ते सांगितलं.
"चपला काढून गायची," ते म्हणाले. "फरशी गार लागल्याशिवाय आवाज निघत नाही, म्हणायची... लिहून घेताय ना?"
"घेतेय," म्हटलं. "सावकाश सांगा."