कापशीचं घरटं

मंगळवार, दिवेलागण

आज कापशी माझ्याच हातून मेली असती.

घरात दुसरा ससा नाही, नुसत्या कोंबड्या आहेत. तरी चार दिवस ही छातीवरचे केस उपटून गवतात घरटं करत होती. कोंबडी जवळ गेली की अंगावर धावायची. मला वाटलं, खुडूक झाली. खुडूक कोंबडीला आम्ही पाण्यात बुडवतो, मग ती उबवायचं वेड सोडते. तेच केलं. घरटं उकिरड्यावर फेकलं, कापशीला बादलीत बुडवलं. ती हातात लुळी पडली.

मालेगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"ते कोंबडी हाये का, बाई? ससा तं धसक्यानंच मरते! आंग पुसा, ऊब द्या. पोटात पिल्लू नसलं तरी तिले वाटते, हाये. पंधरा-वीस दिवसांत जाते आपोआप. घरटं राहू द्या, कोंबड्या दूर ठेवा."

एवढंच? मग आधी का नाही विचारलं मी?

उकिरड्यावरून केस वेचून आणले, तिच्या खोक्यात ठेवले. कापशी तासाभरानं उठली. केस हुंगले, तोंड फिरवलं. आणि त्या उघड्या पडलेल्या छातीवर उरलेलेही उपटायला लागली.