लुर्डेसच्या खुर्चीतला लॅपटॉप

रविवार, ४ नोव्हेंबर. दुपारी दोन.

आज ठरवलं. लॅपटॉप बदलायचा की नाही, याचा निकाल नाताळपर्यंत लावायचा. त्यासाठी ही वही. दहा वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवलाय. शाळा बंद पडली ती माझ्यामुळे नव्हे. यंत्राची नाडी मला कळते.

तक्रारी: सुरू व्हायला वीस मिनिटं. बॅटरी मेलेली, वायर निघाली की खेळ खलास. पडद्यावर उभी हिरवी रेघ, ती नेमकी माझ्या बायकोच्या, लुर्डेसच्या, नाकावरून जाते. बिजागरी तुटलीय, म्हणून पाठीला दुधाच्या डब्याचा टेकू. बाकी उत्तम आहे.

चर्चहून आलो की बरोबर बाराला लुर्डेसच्या खुर्चीत दोन उशा, त्यावर लॅपटॉप, समोर तिचं ताट. ती मिलानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते, आम्ही इकडे मनिलाच्या दक्षिणेला, इलोइलोत, पण रविवारचं जेवण एकत्र. अकरा वर्षं ही शिस्त मी पाळलीय. आज डुकराचं मटण, तूर आणि फणस, तिचा आवडता रस्सा. तिच्या ताटातलं नंतर मीच संपवतो. वाया कशाला घालवायचं?

सारख्या जांभया देत होती. म्हणाली, क्रिस्पिन, इथे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतलीत, आता पहाटेचे पाच वाजलेत, तुम्ही जरा उशिरा जेवा ना. मी म्हटलं, जेवणाची वेळ ती जेवणाची वेळ. इटलीने घड्याळं फिरवली त्याला मी काय करू?

मग विचारलं, नाताळला कायमची येतेस ना? तर चित्र अडकलं. चांगलं अर्धं मिनिट. मी दोनदा वायर हलवली. तेला म्हणाली, तातय, चित्र नाही अडकलं, नानायच्या पापण्या हलतायत. (मी तातय, आई नानाय.) पोरगी सतरा वर्षांची झाली पण बापाची विद्या काही उचलली नाही. तक्रारींत भर: चित्र अडकते.

शनिवार, १० नोव्हेंबर

बोयेटकडे गेलो. माझा जुना विद्यार्थी, बाजारात दुरुस्तीचं दुकान थाटलंय. मागचं झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. म्हणाला, सर, ह्याला आता स्क्रू ड्रायव्हर नको, पाद्री बोलवा. गुरूशी बोलायची ही पद्धत.

वर विचारतो, मॅडमनी जूनमध्ये नव्यासाठी पैसे धाडले होते ना? सासूबाईंनी गावभर केलेलं दिसतंय. मी सांगितलं, त्यातून आमच्या खोलीला रंग काढला. पीच. तिला आवडतो. ती आली की खोली लागणार, लॅपटॉप कशाला लागेल? समोर बसलेल्या बायकोला पडद्यावर कोण बघतं? बोयेट टेबल पुसत राहिला.

हिशेब सरळ आहे. ती येणार, म्हणून नवा नको. नवा घेतला तर ती येणार नाही असं मीच कबूल केल्यासारखं होईल. असला अपशकुन मी माझ्या हाताने करणार नाही.

मंगळवार, २० नोव्हेंबर

तेलाने कसल्याशा कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. वकिलाच्या कचेरीत नेलं, शिक्के मारले. म्हणाली, तातय, वाचून कर. चष्मा घरी होता. मी म्हटलं, दहा वर्षं शाळेत काढलीत, कागद लांबून ओळखतो. परीक्षेचं असणार. पोरगी वाटेत रडायला लागली. परीक्षेचं टेन्शन. मी तिला बर्फाचं सरबत पाजलं.

लॅपटॉप: आज अठरा मिनिटांत सुरू. सुधारतोय.

रविवार, ९ डिसेंबर

दरवर्षी नोव्हेंबर सरायच्या आत लुर्डेसची पेटी येते. साबण, कॉफी, चॉकलेटं, टॉवेल. यंदा पत्ता नाही. ती म्हणाली, पाठवायलाच उशीर झाला. एवढं बोलून पुन्हा अडकली.

मला मात्र कळायचं ते कळलं. माणूस स्वतः येणार असेल तर पेटी आधी कशाला पाठवेल? बायको मला चकित करणार आहे! मी कुणाला बोललो नाही. फक्त लोला फेलिंगना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलं की खोलीचे पडदे धुवा. त्या म्हणाल्या, पडदे धुते रे बाबा, पण माझ्या लेकीला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. अर्थ लागला नाही. वय झालंय त्यांचं.

रविवार, २३ डिसेंबर. संध्याकाळी.

विमानतळ चांगला ठेवलाय. पार्किंग प्रशस्त.

सकाळी नऊलाच गेलो होतो. मनिलाहून आलेली तीन विमानं पाहिली. इस्त्रीचा शर्ट होता, हातात फुलं होती. तिसऱ्या विमानातून लुर्डेससारख्याच चालीची एक बाई उतरली, तिच्या गळ्यात तिचा नवरा पडला. मी फुलं कचऱ्याच्या डब्यावर ठेवली. आत नाही टाकली.

घरी आलो तर तेला म्हणाली, नानाय बाराला हजर होती. पाऊण तास बसली. तातय कुठे गेलाय, तातय कुठे गेलाय, असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, लॅपटॉपचा भाग आणायला गेलो होतो. लोला फेलिंग हसल्या नाहीत, हे विशेष.

मंगळवार, २५ डिसेंबर

नाताळ. डोकं दुखतंय. निकाल पुढे ढकलला. सणासुदीला असले निर्णय घेऊ नयेत.

मंगळवार, ८ जानेवारी

पेटी आली! आणि पेटीत, तीन टॉवेलांच्या आत, नवा कोरा लॅपटॉप! वहीएवढा पातळ. मी काही बोललो नव्हतो, तरी माझ्या तक्रारी तिच्यापर्यंत पोहोचल्याच. मी गल्लीभर दाखवून आलो. बोयेटच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा गेलो.

लुर्डेस प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून नाव लिहिते, म्हणजे घरात भांडणं नकोत. लॅपटॉपच्या पोटाला पट्टी होती. 'तेला.' जाड कोटावरही तेला. लोकरीच्या मोज्यांवर तेला. इलोइलोच्या उकाड्यात लोकरीचे मोजे! समुद्रात पट्ट्यांची अदलाबदल झाली असणार.

माझ्या नावाने एक भिंतीवरचं घड्याळ निघालं. चालू होतं, पण बरोबर सात तास मागे. युरोपचा माल म्हणून नुसतं कौतुक. मी काटे फिरवून नीट केलं आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. तेला बघत होती. म्हणाली, तातय, ते बिघडलेलं नव्हतं.

रविवार, १३ जानेवारी

नव्या लॅपटॉपवर पहिलं जेवण. अर्ध्या मिनिटात सुरू. रेघ नाही. लुर्डेसच्या केसांत एवढं पांढरं आहे हे मला माहीत नव्हतं. तिच्या मागे खिडकी, खिडकीत काळोख. डोळ्यांखालीसुद्धा.

म्हणाली, क्रिस्पिन, मी येणार नाही. नाताळला नाही आणि पुढेही नाही. तेलाला बोलावून घेतेय, अठरा व्हायच्या आत यायला हवं, नंतर परवानगी मिळत नाही, तुझी संमती मिळाली. मी म्हटलं, कसली संमती? तेलाने मान खाली घातली. मग आठवलं. सरबत.

मी म्हटलं, आणि माझं काय? ती म्हणाली, चार वर्षांपूर्वी आधी तुझेच कागद केले होते. तू म्हणालास, मी मास्तर माणूस, तिकडे येऊन म्हाताऱ्यांची अंगं पुसू का? मी तीच पुसते रे, क्रिस्पिन. आणि रविवारी, एकाच सुट्टीच्या दिवशी, तू मला पाचला उठवून जेवताना दाखवतोस. एकदा तरी विचारलंस का, लुर्डेस, तुझं जेवण झालं का?

मी म्हटलं, तुझं ताट वाढतो की दर रविवारी.

चित्र अडकलं. मी लॅपटॉपच्या मागे हात घातला वायर हलवायला. वायर नव्हती. हा बॅटरीवर चालतो. चित्र स्वच्छ होतं, तिच्या पापण्या हलत होत्या, आणि त्यांतून पाणी येत होतं. मी पहिल्यांदाच जेवण टाकून उठलो.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

तेलाला विमानतळावर सोडलं. पार्किंग तेच. कोट हातात, लॅपटॉप पाठीवर. सांगत होतो, चार्जर जपून ठेव, उशीवर ठेवून चालवू नकोस, तापतो. ती म्हणाली, तातय, तू नीट राहा. लोलाच्या फोनवर फोन करीन, संध्याकाळी सातला, तेव्हा आमचे दुपारचे बारा असतात. मी म्हटलं, सातला मी जेवलेला असतो. का म्हटलं असं, कुणास ठाऊक. खूप वाईट वाटलं. वाटेतच परत फिरावंसं वाटलं, पण जीपनी, म्हणजे इथली शेअर जीप, गच्च भरलेली होती.

रविवार, ३ फेब्रुवारी

निकाल: जुना बदलायचा नाही. माणसाने यंत्राशी इमान राखावं.

सकाळी साडेअकरालाच वायर लावली, म्हणजे वेळेत तयार. दोन उशा, दुधाचा डबा, तिचं ताट. रस्सा मीच केला, मीठ जास्त झालं. लोला फेलिंग म्हणाल्या, मला भूक नाही, मी संध्याकाळी सातला पोरींबरोबर जेवीन, तूही थांब. मी म्हटलं, जेवणाची वेळ ती जेवणाची वेळ.

मग खुर्चीवर चढून घड्याळ काढलं आणि काटे पुन्हा सात तास मागे नेले. पाच वाजत होते. दोघी झोपल्या असतील. झोपू देत. कॉल लावला नाही.

एक वाजेपर्यंत समोर बसलो. तिचं ताट संपवलं. आज लॅपटॉप एकदाही अडकला नाही.