माझी सहजीवन मंत्रिपदाची कारकीर्द

१ जानेवारी १९७४, मंगळवार

नवं वर्ष. आजपासून कुणाचंही मन दुखवायचं नाही. केराआत्याच्या घरी राहते, तेव्हा सुरुवात घरापासून म्हणून तिला सांगितलं. ती म्हणाली, मन ऱ्हाऊ दे, त्या शेजारणीच्या पोराचा कान सोड आदी. मी बोलण्याच्या नादात धरून ठेवला होता. सोडला.

आनंदाची बातमी: शिवयोगी सरांनी मला आमच्या रंगकला शाळेची सहजीवन मंत्री नेमलं. आधीच्या मंत्र्याने हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे राजीनामा दिला. शाळेत दोन विभाग, नाट्य आणि संगीत. हॉल एकच, तोही पूर्वीचं कापसाचं गोदाम. मध्ये पडदा. अलीकडे आम्ही नाटकवाले रडतो, पलीकडे ते गातात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी पडदा ओढतं. मग काहीतरी फुटतं.

हे सगळं प्रेमाने मिटेल. घरात पहिली ग्रॅज्युएट झाले ती काय नुसती पाटी लावायला?

आणि मुख्य म्हणजे संधी. १० फेब्रुवारीच्या वार्षिक नाटकाला विद्यापीठाचे पाहुणे येणार. ते आमच्यातल्या एकाला अभिनय शिकायला मुंबईला पाठवणार, सगळा खर्च विद्यापीठाचा. नायिका मीच. आबांनी माढ्याहून निरोप धाडलाय: मुंबईचं झालं तर खुशाल जा, न्हाय झालं तर घरी येऊन बालवाडी घे. बालवाडीसाठी दुसरी बाई बघा असं आजच कळवावं का? नको. नम्रता हवी.

३ जानेवारी, गुरुवार

पहिलीच बैठक. दोन्ही विभाग समोरासमोर. हॉल सकाळी कुणाला, दुपारी कुणाला, एवढाच प्रश्न. संगीतवाल्यांचा पुढारी गुरुबसप्पा, अक्कलकोटचा, तबला आणि ढोल दोन्ही वाजवतो. तो म्हणाला, नाटकवाल्यांना रडायला हॉल कशाला हवा, रडणं घरी पण होतंय की. यावर आमच्याकडून एक लाकडी तलवार गेली. तिकडून तबला जुळवायचा हातोडा आला. तो खिडकीला लागला म्हणून ठीक.

शांतता करण्यासाठी मी टेबलावर डस्टर आपटलं. टेबलावर गुरुबसप्पाचा हात होता. मला दिसला नव्हता. म्हणजे दिसला होता, पण तो काढेल असं वाटलं. बोट सुजलं. लगेच शांतता झाली. सुरुवात चांगली.

६ जानेवारी, रविवार

गल्लीतल्या नळावर दोन बायकांचं भांडण. सहजीवन काय फक्त शाळेतच असतं? मध्ये पडले. दोघींना समजावताना हातातली घागर निसटली. एकीच्या डोक्याला टेंगूळ, दुसरी आपोआप गप्प. रांग सरळ झाली. आत्या म्हणाली, तू पाण्याला जाऊ नगंस, मीच जाते बाई, लोकांची डोकी तरी ऱ्हातील जागेवर. आत्याला समाजकार्य कळत नाही.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

आज मोठा कार्यक्रम: तिळगूळ आणि सहभोजन. आत्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दिली. मी नियम केला की प्रत्येकाने दुसऱ्या विभागातल्या एकाला तिळगूळ देऊन मिठी मारायची.

पहिली जोडी मीच लावली: नाट्य विभागाचा भीमा आणि संगीताचा गुरुबसप्पा. भीमा आमच्या नाटकात माझा दारुडा नवरा होतो. बाप गिरणीत, स्वभाव गरीब. मिठी जरा लांबली. मला गहिवरून आलं. मग लक्षात आलं की गुरुबसप्पाचे पाय जमिनीवर नाहीत. भीमाला लहानपणी तालमीत घातलं होतं हे मला कोणी सांगायला नको होतं का?

पुढे सगळेच एकमेकांना भिडले. कडक भाकरीची कड किती धारदार असते हे आज कळलं. एकाची भुवई फाटली. चटणी चार-पाच जणांच्या डोळ्यांत. मी हातात पळी घेऊन सर्वांना शांत करत फिरले. ज्याला ज्याला शांत केलं तो खाली बसला.

शिवयोगी सर म्हणाले, सोजरबाई, पुढच्या वर्षी तिळगूळ नुसता पोस्टाने पाठवू. विनोदी आहेत सर.

संकल्प: पळी घरी ठेवायची.

१९ जानेवारी, शनिवार

अडचण. नाटकाचा शेवट असा की सगळं सोसून सोसून मी नवऱ्याला एकदाच चपराक मारते. आमच्याकडे पद्धत अशी की मारणाऱ्याने हात गालापाशी न्यायचा, विंगेत ढोलकऱ्याने त्याच क्षणी ढोलावर थाप द्यायची, आणि मार खाणाऱ्याने पडायचं. प्रेक्षकांना वाटतं कानाखाली आवाज निघाला. ढोल गुरुबसप्पाचा. पण संगीत विभागाने नाटकाला वाजवायचं नाही असं ठरवलंय. शिवाय त्याचं बोट. बोटाचं कारण काढणं मला बरं वाटलं नाही. जुनी गोष्ट.

सरांनी सुचवलं, भीमाने स्वतःच टाळी वाजवावी. भीमा आधी पडला आणि पडल्यावर टाळी वाजवली. सगळे हसले. माझी मुंबई हसण्यावारी जाताना दिसली.

मग मला सुचलं. कलेत खोटेपणा हवाच कशाला? खरी मारली. आवाज गोदामाच्या पार टोकापर्यंत गेला. भीमाच्या डोळ्यांत खरं पाणी आलं, जे सरांना दोन महिने काढता आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, बघ, तुझा अभिनय सुधारला. तो गाल धरून म्हणाला, व्हय ताई.

२३ जानेवारी, बुधवार

तालीम. चपराक सहा वेळा. हात दुखतो. कलेसाठी त्रास सोसावा लागतो. भीमा पण सोसतो म्हणा.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदनाला माझं भाषण झालं. विषय अहिंसा. अर्ध्यात आले असताना मागून कोणीतरी भीमाच्या रडण्याची नक्कल केली. मी ताकीद म्हणून चप्पल फक्त उगारली. पट्टा आधीच तुटका होता, तो माझा दोष नाही. चप्पल सरांच्या चष्म्याला लागली. सर म्हणाले, उरलेली अहिंसा पुढच्या आठवड्यात ऐकू.

बाकी भाषण चांगलं झालं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मुंबईला हेच बघतात.

२ फेब्रुवारी, शनिवार

मोठा विजय. संगीत विभाग नमला. गुरुबसप्पा दाराबाहेरूनच बोलला. म्हणाला, अक्का, मी ढोल वाजवतो, डाव्या हातानं वाजवतो, पण त्या भीमाला आता मारू नका हो. त्याच्या आईनं विचारलं, शाळेत काय शिकवतात म्हणून. मी विचारलं, आत का येत नाहीस? तो म्हणाला, हितंच बरं आहे.

खरं तर हेच मी महिनाभर मागत होते. पण मनात आलं, आता ढोल कशाला? खऱ्या चपराकीपुढे ढोलाची थाप म्हणजे पुन्हा खोटेपणा. मी त्याला तसं सांगितलं. तो थेट सरांकडे गेला. सरांनी हुकूम काढला: ढोलच वाजेल, हात गालापासून वीतभर लांब राहील. वीतभर म्हणताना त्यांनी स्वतःची वीत दाखवली. त्यांचा हात मोठा आहे.

मी वरिष्ठांचा मान राखते. ठीक आहे. ढोल तर ढोल.

१० फेब्रुवारी, रविवार. दुपार

आज. मन शांत. नटराजाच्या पूजेचा नारळ कोणत्या विभागाने फोडायचा यावरून थोडी धक्काबुक्की झाली. मी नारळ घेतला आणि कोणाच्याच हाती दिला नाही. फोडला. एका संगीतवाल्याच्या पायाला करवंटी लागली, किरकोळ. पाहुणे गेस्ट हाऊसवर उतरलेत. आत्या नवं लुगडं नेसून येणार. आबांना बोलावलं नाही. मुंबईचं पक्कं झालं की एकदमच सांगीन.

१० फेब्रुवारी, रात्र

आजचं नाटक लोक विसरणार नाहीत.

घडलं ते असं. शेवटचा प्रसंग. पाहुणे पहिल्या रांगेत. मी हात वर केला. गुरुबसप्पाने विंगेतून ढोल वाजवला, पण माझा हात वर जाताच घाईने वाजवला. भीमा सवयीप्रमाणे ढोल ऐकताच पडला. माझा हात अजून हवेतच. प्रेक्षागृहात हसू फुटलं.

माझं दीड वर्षाचं शिक्षण, माझी मुंबई, सगळं त्या पडलेल्या भीमावर. मी त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि मारली. वीतभर वगैरे आठवलं नाही. ढोल पुन्हा वाजला, भीमा पुन्हा पडू लागला, मी पडू दिला नाही, पुन्हा मारली. गुरुबसप्पा ढोल गळ्यात घेऊन रंगमंचावर धावला आणि अक्का सोडा, अक्का सोडा म्हणू लागला. संहितेत तो नाही. म्हणून त्यालाही एक बसली. ढोलाचं एका बाजूचं कातडं फाटलं, त्यात माझं कोपर गेलं. गिरणीतल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक बाई मागून ओरडली, आनखी हाण त्येला! आत्या होती.

आणि एवढ्या सगळ्यात भीमा आपली वाक्यं म्हणत होता. मला क्षमा कर, म्या दारू सोडली, असं प्रत्येक चपराकीला एकेक वाक्य, क्रमाने. अगदी स्पष्ट. मी माझी विसरले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नसणार.

पडदा पडला तेव्हा पाहुणे उभे होते. खुर्च्या मागे सरकवून, पार दुसऱ्या रांगेपर्यंत गेले होते. सोलापुरात कोणाला अशी दाद मिळाली असेल?

बॅग काढून ठेवावी. मुंबईला दमट हवा असते म्हणतात.

१३ फेब्रुवारी, बुधवार

निकाल. मुंबईला भीमा जाणार.

सरांनी खोलीत बोलावून सांगितलं. मधे टेबल होतं, खुर्ची त्यांनी मागे घेतली. पाहुणे म्हणाले म्हणे, एवढ्या माराखाली ज्याची भूमिका सुटली नाही तो नट आहे. मी विचारलं, आणि माझ्याबद्दल? सर चष्मा पुसू लागले. नवीन चष्मा आहे. मग म्हणाले, त्यांनी विचारलं की या बाई शाळेच्या विद्यार्थिनी आहेत की गावातून कोणी शिरलं होतं.

आणखी एक. सकाळी दोन्ही विभागांची पोरं मिळून सरांकडे आली होती. एकाच बाकावर बसली, एकमेकांना पाणी दिलं, भीमाच्या गालाला गुरुबसप्पाने हळद लावली. त्यांचं एकमत झालंय. मला मंत्रिपदावरून काढावं, एवढीच मागणी. हॉलचं वेळापत्रक त्यांनी बाकावरच ठरवून टाकलं.

सहजीवन झालं म्हणायचं. मी तिथे नव्हते.

जाताना सर म्हणाले, मी भीमाला विचारलं होतं, गड्या, एवढा तालमीतला तू, हात का नाही धरलास तिचा? तो म्हणाला, सर, ताईंना मुंबई लई हवी हाय की. मदीच हात धरला असता तर त्यांचा शीन बिघडला असता.

यावर उद्या लिहीन.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिलं नाही. आत्याने भाकरी मऊ करून दिली.

आबांना कळवलं, बालवाडी ठेवा.

१७ फेब्रुवारी, रविवार

माढ्याची गाडी. सरांनी ट्रंक उचलायला भीमाला पाठवलं. बरोबर गुरुबसप्पाही आला, दोघं सायकलवर डबलसीट. ट्रंक टपावर चढवली. भीमा खिडकीखाली येऊन म्हणाला, ताई, तुमच्यामुळंच झालं की वो माझं, आईनं तुमाला नमस्कार सांगितलाय. गाल अजून एका बाजूने जाड होता. गुरुबसप्पा म्हणाला, अक्का, बालवाडीत पोरं लहान असतात हो. मी म्हटलं, माहीत आहे मला.

मला त्यांना खरंच काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून निरोपाचा हात वर केला.

दोघंही झटकन खाली बसले.