गंगूचं खाणं

ता. ३ मे १९४४, उमरगा
जावई सोलापूरहून आले, बरोबर खोकं. लष्कराच्या कोठारात कारकून आहेत. खोक्यात पत्र्याचे डबे. गाजर, पालक, वाटाणा. हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर जकातीच्या शिपायानं एक फोडून हुंगलाही म्हणे. जेवताना फर्मान सुटलं, "मामी, गंगूला आता बाजारची भाजी बंद. डब्यात ताज्यापेक्षा जास्त सत्त्व असतं." पोर सातव्या महिन्यात माझ्याकडं बाळंतपणाला आलीय. दिवेलागणीला तिला उंबरा दिसत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. आणि जावई डब्यावरचं इंग्रजी वाचून दाखवतात! म्हटलं, आमच्या ताज्या भाजीपुढं तुमचा पत्रा काय! राग गिळून ताक वाढलं.

ता. ५
अक्का, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. चूल तिच्या ताब्यात. "कुनाचा हात लागलाय कुनास ठाऊक. माझ्या मडीत, सोवळ्यात न्हाय चालायचं." शेवटी डबा अंगणात फोडला, पाणी ओतून दिलं, भाजी तीनदा धुतली, पुन्हा उकळली, तेही पाणी मोरीत. उरला तो चोथा. गंगूनं मुकाट गिळला. सोवळं राहिलं, सत्त्व गेलं.

ता. ८
स्वतः सरकारी दवाखान्यात गेले. वाटलं, डॉक्टर माझी बाजू घेतील. कसलं काय! म्हणाले, "बाई, डोळ्यांसाठी पालक-गाजर ताजं द्या नायतर डब्यातलं, दोन्ही चालतं. फक्त तेलात परता. हिरड्यांसाठी मात्र ताजंच पाहिजे, डब्यात ते सत्त्व उकळून मरतं. उरलंसुरलं तुम्ही धुऊन फेकता." म्हणजे जावई निम्मे खरे. हेच जास्त झोंबलं.

ता. ११
बाजार. ताजी भाजी म्हणे! मेथीनं माना टाकलेल्या, वर पाणी मारून बसवलेली. विहिरींनी तळ गाठलाय. कुठल्या तोंडानं बढाई मारली मी? येताना शेजारच्या परसात शेवगा दिसला, कोवळा हिरवागार पाला. विचारून ओटीभर आणला. अक्का कडाडली, "गरवार पोरीला शेवगा? लई उष्ण! पोट पाडतीस का काय तिचं?" हे पान लावत बसले होते.

ता. १२
अंगणात तीन दगडांची चूल मांडली. माझी. डब्यातलं गाजर पाण्यासकट तेलात, शेवग्याचा पाला नुसता वाफेवर, वर लिंबू. गंगूनं बोटं चाटली. आता ह्यांना वाचा फुटली, "एका घरात दोन चुली? लोक काय म्हनतील?" पोरगी आंधळी झाली तर लोक काय म्हणतील, ते विचारलं. उठून गेले.

ता. २०
जावई आले. ताटात पाला पाहिला. "शेळीचा चारा घालता हिला?" परवा न्यायला येतो म्हणाले, बाळंतपण सोलापुरात. तिथं डबेच डबे. अक्का लगेच, "बेस झालं." हे मान डोलावत राहिले. सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि जी खाणार, जिचे डोळे, तिला एका शब्दानं विचारलं नाही.

ता. २१
हिरड्यांचं रक्त थांबलंय. डोळ्यांचं अजून…
तिन्हीसांजेला गंगूसमोर चुलीपाशी बसले. म्हणाली, "आई, मला न्हाय जायचं." मग, "तू रडतीस का? मला न्हाय दिसत."
म्हटलं, धूर गेला डोळ्यात.
उद्या जावई आले की मी दारात आडवी उभी राहणार. हे मागून काय म्हणतील, काही नेम नाही…